विदर्भाच्या उन्हात गावरान अंडी घरी उबवायची असतील तर

अंडी उबवायची म्हटली की लोक पहिला प्रश्न विचारतात, ऊब कशी द्यायची. आपल्याकडे ऊब देण्याची अडचण फक्त हिवाळ्यात येते. मार्चनंतर भिंती तापतात, टिनाखालच्या खोलीत पाय ठेववत नाही, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि कोंबडीच्या अंड्यातला जीव मात्र ३७.५ अंशांवर वाढतो. म्हणजे वर्षातले दोन-तीन महिने आपली खोलीच अंड्याला सोसवणार नाही इतकी गरम असते. बाहेरच्या मुलखातली माहिती वाचून सुरुवात करणारे नेमके इथे फसतात आणि दोष कोंबडीला किंवा मशीनला देतात. दहा ते चाळीस अंडी घरच्या घरी उबवू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी हे लिहिलं आहे. पुढचं सगळं गावरान कोंबडीच्या अंड्यांबद्दल आहे.

१. आधी महिना ठरवा

दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वात चांगला. अंडी टिकतात, कोंबडी शांत बसते, मशीनमधलं तापमान हाताशी राहतं. डिसेंबर-जानेवारीत निघालेल्या पिल्लांना रात्री ऊब द्यावी लागते, पण ती देता येते. एप्रिल-मेमध्ये अंडी बसवू नका. मशीन, म्हणजे बल्बने ऊब देणारी पेटी, फक्त गरम करू शकतं, गार करू शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर बल्ब बंद असूनही पेटीत ४२ अंशच राहणार, आणि एवढ्या उष्णतेत काही तासांत अंड्यातला जीव जातो. शिवाय त्या दिवसांत कोंबडी धापा टाकते, खाणं कमी करते, अंड्याचं कवच पातळ होतं आणि फळलेली अंडीही कमी मिळतात.

मृगाचा पाऊस पडून हवा गार झाली की पुन्हा सुरू करता येतं. पावसाळ्यात ओल जास्त असल्यामुळे वेगळी काळजी लागते, ती पुढे सांगतो.

२. अंडी कुठून घ्यायची

दुकानातल्या ट्रेमधली पांढरी अंडी कितीही उबवली तरी पिल्लू निघणार नाही, कारण त्या फार्मवर कोंबडा नसतो. रंगीत कवच म्हणजे गावरान, असंही समजू नका. तपकिरी अंडी देणाऱ्या फार्मच्या कोंबड्या भरपूर आहेत. अंडी घ्यायची ती जिथे कोंबड्यांत कोंबडा फिरताना डोळ्यांनी दिसतो तिथूनच. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा, धट्टाकट्टा कोंबडा हवा. नवा कोंबडा आणला असेल तर त्याचीच पिल्लं मिळायला दोन-तीन आठवडे थांबा, कारण आधीच्या कोंबड्याचा परिणाम दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो.

गिरीराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची अंडी घरी उबवता येतात, पण पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. कडकनाथ किंवा असील शुद्ध हवे असतील तर कळप वेगळा ठेवलेला आहे का, हे विचारा. मोकाट कळपातल्या कडकनाथ कोंबडीच्या अंड्यातून काय निघेल ते कोणी सांगू शकत नाही.

अंडं मध्यम आकाराचं, गुळगुळीत, एका बाजूला निमुळतं हवं. फार मोठं, फार लहान, गोल, खरबरीत, तडा गेलेलं बाजूला काढा, त्याचा पोळा करा. तलंगीची, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीची, अगदी पहिली अंडीही घेऊ नका. आणि अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो धुतला गेला की जंतूंना वाट मोकळी होते. किंचित माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. विष्ठेने माखलेलं अंडं घेऊच नका.

३. बसवण्याआधीची साठवण

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. साधारण २० अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव थोडाथोडा वाढायला लागतो. टोपल्यात, माळ्यावर, स्वयंपाकघरात ठेवलेलं अंडं दुपारी तापतं, पहाटे निवतं. आतला जीव असा अर्धवट वाढत जातो आणि कोंबडीखाली जाण्याआधीच मरतो. मग एकविसाव्या दिवशी घरात बोलणं होतं, कोंबडी नीट बसली नाही म्हणून.

अंडी १५ ते १८ अंशांत ठेवायची असतात. हिवाळ्यात घरातला उत्तरेकडचा कोपरा चालतो. बाकी वेळी जुना माठ घ्या, त्याचा तळ ओल्या वाळूत रुतवा, माठात कोरडं कुटार (भुसा) घाला आणि अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवा. वर सुती फडकं बांधा. वाळूवर रोज पाणी शिंपडा, अंड्यांवर नाही. फ्रिजमधलं साधारण ४ अंशांचं तापमान यासाठी फार थंड पडतं.

सात दिवसांच्या आतली अंडी बसवा, फार तर दहा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख टाका. पेनाची शाई कवचातून आत जाते, म्हणून पेन्सिलच. दुसऱ्या गावाहून एसटीने किंवा मोटारसायकलवर आणलेली अंडी लगेच बसवू नका, रुंद बाजू वर करून एक रात्र विसावू द्या.

४. कोंबडी की मशीन

गावरान खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी मिळत असेल तर पहिल्यांदा तिच्यावरच भरवसा ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तापमान, ओल, अंडी फिरवणं, निघालेल्या पिल्लांना ऊब देणं, सगळं ती करते. लाईट गेली तरी तिला फरक पडत नाही. पण एका कोंबडीखाली दहा-बारा अंडीच मावतात, आणि ती कधी खुडूक होईल ते तिच्यावर असतं. सुधारित जातीच्या कोंबड्या तर सहसा खुडूक होतच नाहीत. वीसच्या वर पिल्लं एका वेळी हवी असतील तर मशीन लागेल.

दोन्ही जमवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही. ज्या रात्री कोंबडी बसवली त्याच रात्री मशीनही लावा. निघाल्यावर मशीनची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पंखांखाली सरकवा. तीन आठवडे बसलेली कोंबडी ती आपलीच समजते. आठवड्याची झालेली पिल्लं मात्र ती टोचून हाकलते, म्हणून पहिल्या दीड-दोन दिवसांतच हे करा.

५. कोंबडी बसवण्याची रीत

कोंबडी दिवसरात्र खुराड्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुगवते, कर्रर्र करते आणि टोचते, ही खुडूक झाल्याची खूण. तरी लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन दिवस दोन-तीन वाया जाणारी अंडी ठेवून बघा. टिकून बसली तर खरी.

जागा अंधारी, कोरडी आणि बाकी कोंबड्यांपासून वेगळी निवडा. टोपल्याच्या तळाला दोन बोटं माती किंवा वाळू, वर कुटार किंवा धानाचं तणीस, मधे खोलगट. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी उवा आहेत का ते पिसं उलटून बघा. उवा असतील तर कोंबडी मध्येच उठते, कितीही चांगली असली तरी. चुलीची चाळलेली गार राख पिसांत चोळा, तणसात कडुनिंबाचा पाला मिसळा. फार असतील तर जनावरांच्या दवाखान्यात विचारून औषध लावा. गोठ्यातल्या गोचिडांवरचं किंवा कपाशीवरचं औषध अंदाजाने लावू नका.

अंडी रात्री ठेवा. सगळी एकाच वेळी ठेवा, आज चार उद्या चार असं नको. अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, म्हणजे दुसरी कोंबडी येऊन अंडं घालून गेली तर ते ओळखून काढता येतं.

ती रोज एकदा उठते, दाणा खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते, धुळीत लोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. तेवढ्या वेळात अंडी थंड झाली म्हणून घाबरू नका. उठतच नसेल तर हाताने उचलून दाण्याजवळ सोडा. ज्वारी आणि पाणी जवळच ठेवा. रात्री डालं झाकून वर दगड ठेवा, मुंगूस आणि रानमांजर एका रात्रीत सगळं संपवतात. सापही अंड्यांसाठी येतो, म्हणून अंधारात हात घालण्याआधी टॉर्च मारायची सवय लावून घ्या.

विजा कडाडल्या की अंडी बिघडतात म्हणून टोपल्यात खिळा आणि कोळसा ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. ठेवल्याने काही बिघडत नाही. मनाला बरं वाटत असेल तर ठेवा, पण उवा बघायला विसरू नका.

वैशाखात कोंबडी खुडूक झाली तर तिला बसवू नका. सावलीत, वारा लागेल अशा डाल्यात खाली काही न अंथरता तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी पूर्ण द्या. खुडूक मोडते.

६. मशीन: सामान आणि मांडणी

विकतचं छोटं मशीन घेतलं तरी चालतं. घरी करायचं तर हे सामान लागतं:

- झाकणाची जाड थर्माकोल पेटी
- तापमान कापणारा डिजिटल थर्मोस्टॅट, वायरच्या टोकाला असलेल्या सेन्सरसकट
- ४० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब (एलईडी तापत नाही, तो उपयोगाचा नाही)
- कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि त्याचा अडॅप्टर
- तापमान आणि ओल (हवेतली आर्द्रता) दाखवणारं मीटर
- पाण्याचं पसरट भांडं, जाळी, पेन्सिल, वही

बल्ब दोन यासाठी की रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि बल्ब मिणमिणतात, तेव्हाही दोन असलेले बरे. बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका, तो वितळतो आणि पेटतो. पेटीला खाली-वर दोन-चार भोकं हवीत, अंड्यातला जीवही श्वास घेतो. २३० व्होल्टची जोडणी तुम्हाला येत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

जागेबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. दिवाळीनंतर आपल्या घरात कापूस भरलेला असतो. कापसाच्या खोलीत बल्बचं मशीन कधीही लावू नका. एका ठिणगीत वर्षाचं पीक आणि घर दोन्ही जाईल. फवारणीची औषधं ठेवलेली खोलीही नको, कारण भोकांतून तो वास आत जातो. विटामातीच्या भिंतीची, ऊन न येणारी, कमी वावराची खोली बघा.

अंडी ठेवण्याआधी पेटी एक पूर्ण दिवसरात्र रिकामी चालवा. पंखा असेल तर ३७.५ अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या बाजूच्या उंचीवर ३८.५ अंशांच्या जवळपास ठेवा, कारण थांबलेल्या हवेत वर आणि खाली फरक पडतो. स्वस्त मीटर एक-दोन अंश चुकीचं दाखवतात आणि इथे एक अंशाने खेळ बिघडतो. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर याच तापमानासाठी बनलेला असतो. कपभर कोमट पाण्यात तो आणि सेन्सर शेजारी धरा, दोन्हींत फरक आला तर तेवढा हिशेबात धरा. ओलीचं मीटर तपासायचं तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब टाकून ओलसर करा आणि मीटरसोबत घट्ट बंद पिशवीत सहा-आठ तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवं.

७. पहिले अठरा दिवस

अंडी संध्याकाळी ठेवा. सोमवारी संध्याकाळी ठेवलीत तर एकवीस दिवसांनी येणाऱ्या सोमवारी पिल्लं निघतील. ठेवल्यापासून चोवीस तास झाल्यावर एक दिवस मोजायचा.

एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी पालटा. विषम आकडा यासाठी की रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. न पालटल्यास वाढणारा जीव आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हात धुऊनच पालटा, तेलाचे हात नकोत.

ओल ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. होळीच्या सुमारास आपली हवा फार कोरडी होते, भांडं रोज भरावं लागतं. अंड्यातलं पाणी जास्त उडालं तर पिल्लू पापुद्र्यात अडकतं. श्रावणात उलटं होतं. पाणी पुरेसं उडत नाही, पिल्लू फुगलेलं राहतं आणि आतच गुदमरतं. भर पावसात मीटर साठच्या वर दाखवत असेल तर अठरा दिवस भांडं कोरडंच ठेवा.

लाईट गेली तर पेटी उघडू नका, वरून गोधडी टाका, भोकं मात्र बुजवू नका. तास-दोन तासांनी काही बिघडत नाही. जास्त वेळ लागणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. गारठा अंडं काही वेळ सोसतं, जास्त उष्णता सोसत नाही, म्हणून घाईने उकळतं पाणी नको. डीपी जळाली की दोन-दोन दिवस अंधार असतो, त्यासाठी फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी कामी येते. तिच्यावर पंखा, थर्मोस्टॅट १२ व्होल्टचा असेल तर तो आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा एक बल्ब तीन-चार तास चालतो. बॅटरी काढून, पुसून आणा. औषधाचा पंप खोलीत आणू नका.

८. सातव्या रात्रीची तपासणी

खोलीत पूर्ण अंधार करा. मोबाईलच्या टॉर्चवर मूठ धरा, मुठीच्या भोकावर अंड्याची रुंद बाजू टेकवा. जिवंत अंड्यात लालसर उजेड पसरतो, मधे गडद ठिपका दिसतो आणि त्यातून बारीक लाल शिरा कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या असतात. थोडं थांबलात तर ठिपका हललेलाही दिसतो. घरातल्या लेकरांना हे नक्की दाखवा.

आत सगळं स्वच्छ पिवळट दिसलं तर अंडं फळलेलंच नाही. शिरांऐवजी नुसतं लाल कडं दिसलं तर जीव सुरू होऊन मेला. दोन्ही काढा. आत राहिलेलं मेलेलं अंडं सडतं, वास मारतं आणि फुटलं तर बाकीच्यांचा नाश करतं. ओळखू येत नसेल तर प्रश्नचिन्ह करून चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. जाड तपकिरी कवचाच्या अंड्यात उशिरा कळतं. चौदाव्या दिवशी रुंद बाजूची हवेची पोकळी सोडून बाकी अंडं काळं दिसायला हवं. कोंबडीखालची अंडीही रात्री अशीच तपासता येतात.

काही घरांत एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडून बघतात, हलली तर जिवंत. तोवर कवचाला बारीक भोक पडलं असेल तर पिल्लू आतच बुडतं. टॉर्च हाताशी असताना पाणी कशाला?

९. शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी अंडी पालटणं बंद करा. आडवी ठेवा, खाली जाळीवर खरबरीत कापड अंथरा, कारण गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात. ओल ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. त्यासाठी ओला स्पंज किंवा फडकं ठेवा, उघड्या भांड्यात पिल्लू पडतं. आणि झाकण उघडायचं नाही.

विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येईल, मग कवचावर एक छोटी चीर दिसेल. त्यानंतर बारा ते चोवीस तास काहीच होत नाही असं वाटतं. पिल्लू तेव्हा श्वासाची सवय करत असतं, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घेत असतं. या वेळी मदत म्हणून कवच सोललंत तर त्या शिरा तुटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मग ते चोचीवरच्या बारीक दाताने गोल फिरत कवच कापतं आणि पायांनी टोपण ढकलतं.

ओली पिल्लं आतच वाळू द्या. बलकाच्या जोरावर ती दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय राहतात, त्यामुळे एकेक काढायची घाई नको. बाविसाव्या दिवसापर्यंत वाट बघा.

१०. पिल्लं बाहेर आल्यावर

कोंबडीजवळ दिली असतील तर कावळा, घार आणि पाऊस एवढंच सांभाळा. स्वतः वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजते, कडेला जाऊन चोच उघडत असतील तर गरम होतं, सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर बरोबर आहे. बल्ब पक्का बांधा, खाली तणीस असतं.

आधी पाणी, मग दाणा. पाण्याच्या थाळीत गोटे टाका म्हणजे बुडत नाहीत. पहिल्या दिवशी तांदळाची बारीक कणी किंवा मक्याचा भरडा चालतो, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं तयार खाद्य द्या. नुसत्या कणीवर ठेवलेल्या पिल्लांची वाढ खुंटते. खाली अंथरलेलं ओलं होऊ देऊ नका, रक्ती हगवण ओलीतूनच वाढते.

११. लस

मानमोडी म्हणजे राणीखेत आली की गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या जातात, कष्टाने काढलेली पिल्लंही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यायचा, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या दुसऱ्या रोगाची, मग चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. पुढच्या लसी दवाखान्यात विचारून ठरवा. लस बर्फातच आणायची, उन्हात पिशवीत लटकवून आणलेल्या लसीचा उपयोग नाही.

लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कोणी कुपी फोडत नाही, म्हणून बहुतेक घरं लसच टाळतात. त्यावर सोपा उपाय आहे. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने एकाच आठवड्यात अंडी बसवायची. सगळ्यांची पिल्लं सोबत निघतात, एकच कुपी येते आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर एका अंगणात सगळी डाली आणून थेंब देता येतात. सुस्त किंवा हगवण लागलेली पिल्लं त्या दिवशी आणू नका.